बटणावरची भरती

काकी कुठल्याही बाईला तिचा नंबर विचारायची नाही. काउंटरकडे बाई येताना दिसली की काकी तिच्या अंगाकडे नाही, चालीकडे बघायची आणि ती खिडकीशी पोचेपर्यंत तिच्या मापाचा नायलॉनचा कॉस्च्युम पुढे ठेवलेला असायचा. माप मोठं असेल तर घडी अशी घातलेली, की आतला आकडा मागच्या रांगेला दिसू नये. शेजारच्या पुरुषांच्या खिडकीवरचा गडी "डबल एक्सेल काढ" म्हणून अख्ख्या हॉलला ऐकू जाईल असा ओरडायचा. काकी त्याला म्हणायची, "गुरांचा बाजार हाय काय हा? मानसाचा माप असा तोंडान नाय सांगायचा." मी तिथे होते त्या पाच वर्षांत तिचा अंदाज दोनदाच चुकला आणि दोन्ही बायका पोटुश्या निघाल्या. त्यांना तिने घसरगुंडीवर जाऊ नका म्हणून दटावून सांगितलं.

आमचं रिसॉर्ट हायवेवर, खांब गावाच्या आसपास. रिसॉर्ट म्हणजे सहा घसरगुंड्या, दोन टाक्या, एक रेन डान्स आणि सोंडेतून पाणी उडवणारा सिमेंटचा हत्ती. मी लॉकरच्या चाव्या द्यायची आणि काकी माझ्या बाजूच्या खिडकीत. माझं गाव तिथून आत, भाताचं आणि वालाचं. मी घरातली पहिलीच नोकरीवाली, त्यामुळे सुरुवातीला फार अदबीने वागायची. "अहो काकी, तुम्ही बसा" म्हटलं की ती भडकायची. "मना अहो नको बोलू, मी काय तुजी सासू हाय?" तेव्हापासून ती मला 'तू' झाली.

ती मूळची पेणच्या खाडीकडची. माहेर मिठागरातलं, सासर मिठागरातलं. एका मोठ्या उधाणाला बांध फुटला, खारं पाणी शेतात शिरलं, घरात शिरलं आणि पुढे तो बांध कुणी धड बांधलाच नाही. नवरा गेल्यावर ती रोह्याला मुलीकडे आली. मुलगी नंदा, जावई धाटावच्या कंपनीत शिफ्टला. जावयाच्या घरी नुसतं बसून खायचं नाही, हा तिचा हट्ट, म्हणून रोज मिनिडोर रिक्षाने कामावर यायची. पाण्याने तिचं सगळं नेलं होतं आणि पोट भरायला ती परत पाण्याच्याच दारात येऊन बसली होती. असं मी एकदा बोलून दाखवलं तर म्हणाली, "ता पानी वेगला. ता न विचारता येतो."

खिडकीतलं काम हे तिचं अर्धंच काम. उरलेलं मागच्या मोरीत. परत आलेले कॉस्च्युम ब्लीचिंगच्या पाण्यात भिजवायचे, साबणात घोळवायचे, दोनदा पिळायचे, तारेवर टाकायचे. रविवारी ढीग तिच्या छातीपर्यंत यायचा. बाकीच्या बायका एकदाच पिळायच्या. काकी म्हणायची, "दुसऱ्या बाईच्या अंगाला लागनार हाय ता. आपल्या अंगाला लागल असा धुवायचा." हातमोज्यांसाठी मी मॅनेजरशी किती वेळा भांडले असेन. एक जोड मिळायचा, आठवड्यात फाटायचा, पुढचा महिनाभर नाही. काकीच्या बोटांच्या बेचक्या चिरलेल्या, तळव्यांची सालपटं निघालेली, कोपरापर्यंत लालभडक. अनवाणी त्याच पाण्यात उभं राहून पायांचंही तेच. ती खोबरेल तेलात हळद कालवून लावायची आणि दुसऱ्या दिवशी परत ब्लीचिंगमध्ये हात घालायची. त्यात तिला साखरेचा आजार होता, पण त्याबद्दल कुणी बोललेलं तिला खपायचं नाही.

पाण्यात मात्र ती कधी उतरली नाही. स्टाफला मनाईच होती. आम्ही पोरी मॅनेजर गेला की शेवटच्या अर्ध्या तासात गुपचूप डुंबून यायचो. काकी काठावर उभी राहून आमच्यावर हसायची, पण पाऊल पुढे टाकायची नाही. "चोरून कशाला? जायचा तर तिकीट फाडून जायचा. गिऱ्हाईक होऊन." आपल्या रिसॉर्टमध्ये तिला गिऱ्हाईक कोण होऊ देणार? म्हणजे दुसरीकडेच जायला हवं, हे तिने मनात कधीचं ठरवलं होतं, फक्त बोलत नव्हती.

ते बाहेर पडलं माझ्या मोबाईलमुळे. दोन तासांवर एक मोठं थीम पार्क नवीन झालं होतं, किल्ल्यासारखा दरवाजा, आत राक्षस, बोगदे आणि एक लाटांचा तलाव. त्याचा व्हिडिओ मी तिला दाखवला. भोंगा वाजतो, संथ पाणी हलायला लागतं, समुद्रासारख्या लाटा येतात, परत भोंगा वाजतो आणि सगळं शांत. काकी बघतच राहिली. "मंजे बटनावरची भरती? बंद कर बोलला की बंद?" मी म्हटलं, हो. "परत लाव." मी परत लावला. त्या आठवड्यात तिने तो व्हिडिओ इतक्यांदा बघितला की माझा नेटपॅक संपला. शेवटी म्हणाली, "एकदा त्यात उबा राव्हायचाय मना. पोवायचा नाय, काय नाय. नुसता उबा."

मग मी मनावर घेतलं. होळीच्या आधीचा एक सोमवार, आमच्या सुट्टीचा वार, आम्ही सहा जणींनी गाडी ठरवली. काकी नंदाने घेतलेली नवी साडी नेसून, वेणीत अबोली माळून आली होती. गाडीत मध्येच माझ्या कानाशी येऊन म्हणाली, "मना कंचा नंबर बसल गो?" जगाची मापं ओळखणाऱ्या बाईने स्वतःकडे कधी बघितलंच नव्हतं. मला हसू आलं आणि लगेच कसंसंच झालं.

तिथली खिडकी आमच्यापेक्षा दसपट मोठी, काचेची, थंडगार. आत विशीतली एक मुलगी, छातीवर नावाची पट्टी. आमचे पाच कॉस्च्युम मिळाले. काकीने घेण्यासाठी दोन्ही हात पुढे केले आणि त्या मुलीने कॉस्च्युम मागे ओढला.

"मावशी, हाताला काय झालंय?"

"काय नाय. कामाचा हाय."

मुलीने आतून साहेबाला बोलावलं. तो आला, हात बघितले, पाय बघितले आणि भिंतीवरच्या पाटीकडे बोट दाखवलं. त्वचेचा आजार किंवा जखम असणाऱ्यांना पाण्यात प्रवेश नाही. "कोरड्या राईड्स करू शकता, मावशी," तो म्हणाला. वाईट बोलला नाही, हेही सांगायला हवं.

तीच पाटी आमच्याकडेही होती, काकीच्या डोक्यावर टांगलेली. अकरा वर्षं ती तिच्याखाली बसली, त्या पाटीवर बोट ठेवून तिने लोकांना परत पाठवलं, पण ती आपल्यालाही लागू होईल हे तिच्या मनात कधी आलं नाही. माझ्याही आलं नाही. रोज ते हात बघत होते मी. आपल्या घरातलं दुखणं पाटीवर लिहिलेलं असतं का कधी?

मी तिथे तमाशा केला. खोटं कशाला सांगू, चांगला दणदणीत केला. तुमच्यासारख्यांचेच कपडे धुऊन हे झालंय, हा रोग नाही, हे लागत नाही, तुमच्या मालकाला बोलवा. रांगेतल्या बायका मुलांना मागे ओढायला लागल्या. काकीने माझा दंड धरून मला बाजूला नेलं. "गप राव. त्या पोरीच्या नोकरीवर येल." आणि जाताना वळून त्या मुलीला म्हणाली, "बरोबर केलास गो. असाच करायचा." मला त्या मुलीपेक्षा काकीचाच जास्त राग आला. मी म्हटलंसुद्धा, "काकी, तू माणूस आहेस की धोंडा?"

झाडाखाली एक बाक होता. तिथे बसल्यावर ती बराच वेळ पायांकडे बघत राहिली. मग म्हणाली, "ती कोडाची बाय आठवते तुला?" आठवत होती. एक तरुण बाई नवरा आणि दोन मुलांसोबत आमच्याकडे आली होती, हातापायांवर कोडाचे पांढरे डाग. ती सांगत होती, डॉक्टरांनी सांगितलंय, हे लागत नाही. काकीने ऐकलं नव्हतं. पाटी मी नाय लिवली, म्हणाली होती. ती बाई दिवसभर सामान सांभाळत बसली आणि मुलं पाण्यातून "आई, ये ना" म्हणून हाका मारत होती. "मी तिला कपभर च्या पाटवला व्हता," काकी म्हणाली. "तिनं नाय घेतला. मना तवा राग आला, बोलले, केवरी मिजास." 

थोड्या वेळाने तिनेच मला उठवलं. "तू जा. तिकीट फाटलाय तुजा. माज्यासाटी बसलीस तर मी हितून चालत जाईन रोह्याला." बसायला हवं होतं मी. पण बाकीच्या चौघी कधीच्या आत गेल्या होत्या, मी तेवीस वर्षांची होते, आणि भोंगा वाजला. मी गेले. आणि जे लिहायला मला आजही लाज वाटते ते असं, की त्या पाण्यात मी तिला विसरले. दोन तास. पहिली लाट आली तेव्हा पायाखालची फरशी सुटली आणि मी एवढ्या मोठ्याने हसले की शेजारची अनोळखी बाईही हसायला लागली. प्रत्येक भोंग्याला आम्ही परत आत जात होतो.

बाहेर आले तर काकी त्याच बाकावर. माझा टॉवेल तिने मांडीवर धरला होता.

"कसा व्हता गो पानी?"

"काही खास नाही," मी म्हटलं. "आपल्यासारखंच. उगीच नाव मोठं."

"बरा," ती म्हणाली आणि माझे केस पुसायला लागली. कामावर पुढे कुणी विचारलं की सांगायची, "काय खास नाय. आपल्यासारकाच हाय." मी बाजूच्या खिडकीत चाव्या मोजल्यासारखं करायची.

पावसाळ्यात तिच्या पायाची एक चीर भरेना. ती हळद लावत राहिली. नंदाने ओढून डॉक्टरकडे नेलं तेव्हा अंगठा काळा पडला होता. अंगठा काढला, मग आणखी दोन बोटं, मग घोट्यापर्यंत पाऊल. तिच्या खिडकीत नवी मुलगी बसली, ती मापं ओरडून सांगते. मॅनेजरने काकीची चौकशी एकदा केली, तीही तिच्याकडे राहिलेल्या लॉकरच्या चावीसाठी. त्या दिवशी मी त्याला जे बोलले त्यानंतर मलाही तिथे काम उरलं नाही आणि त्याचं मला काही वाईट वाटत नाही.

शेवटचं भेटायला गेले तो रविवार होता. दुपार. रोह्यातल्या दोन खोल्यांच्या घरात खिडकीखाली तिची खाट. तोंड एवढंसं झालेलं, कमरेखाली चादर ओढलेली. मला बघून तिने दोन्ही हात चादरीवर ठेवले, आधी पालथे, मग उताणे.

"बग."

हात बरे झाले होते. चार महिने ब्लीचिंग नाही, साबण नाही. बेचक्या भरलेल्या, तळवे मऊ, एक सालपट नाही. एवढे चांगले हात मी तिचे कधी बघितले नव्हते.

"आता पान्यात सोरतील मना," ती म्हणाली.

माझ्या डोळ्यांत पाणी आलं. तिने ते बघितलं न बघितल्यासारखं केलं. आत नंदा चहा टाकत होती.

"तवा खोटा बोललीस ना?"

"हो."

"मना ठाव हाय. पान्यातून आलीस तवा तुजा तोंड बघितला मी." जरा दम खाऊन म्हणाली, "आता खरा सांग. पयल्यापासून."

मी सांगायला लागले. आत जाताना पाय धुवायची जागा लागते, तिथलं पाणी गार असतं. मग उतार. पायऱ्या नाहीत, किनाऱ्यासारखा उतार, खाली खरखरीत फरशी म्हणून पाय घसरत नाही. पाणी घोट्याशी येतं, मग पोटरीला, मग गुडघ्याला. सांगता सांगता 'मी'च्या जागी 'तू' कधी आलं ते माझं मलाच कळलं नाही. "तू आता कमरेपर्यंत आली आहेस काकी. ऊन आहे, पण पाणी गार आहे. बाजूला बायका आहेत, कुणी तुझ्याकडे बघत नाहीये." काकीने डोळे मिटले होते. तिने मला थांबवलं नाही.

"माज्या बाजूला कोन हाय?"

"मी आहे."

"हात धर मग."

मी धरला. नंदा चहा घेऊन दारात आली होती, ती तिथेच थांबली.

"भोंगा वाजला," मी म्हटलं. "सगळ्या जणी समोर बघतायत. लांब भिंतीपाशी पाणी हलायला लागलंय. आता पहिली लाट..."

"थांब," काकी म्हणाली. "लाट येवड्यात नको आनू. आदी मना नुसती उबी राव दे."

मी थांबले. तिचा हात माझ्या हातात होता, श्वास हळूहळू संथ होत गेला आणि तिला झोप लागली. नंदाने चहा तसाच आत नेला. मी तासभर बसले, मग हात सोडवून घेतला आणि कोलाडची गाडी पकडली. पुढच्या रविवारी येऊन उरलेलं सांगेन, असं मी नंदाला सांगितलं होतं. बुधवारी सकाळी नंदाचा फोन आला.