दारावर बसणारी हेमलता

एरंडोलच्या हेमलताला रडता फार छान येतं. हसू नका, चेष्टा नाही करत. खान्देशात कुणी गेलं की बायाबापड्या त्या घरच्या दारावर बसायला जातात. नुसतं तोंड पाडून बसून भागत नाही. गल्लीच्या कोपऱ्यापासूनच पदर तोंडाशी धरून गळा काढायचा, गेलेल्या माणसाचे गुण एकेक करून सांगायचे, घरच्या बाईच्या गळ्यात पडायचं. आताच्या सुनांना ते जमत नाही. त्या दारात येतात आणि मोबाईल सायलेंटवर टाकतात. हेमलता मात्र आली की ज्यांचे डोळे कोरडे असतील त्यांचेही ओले होतात.

अठरा वर्षं तिनं पक्षाचं काम केलं ते बहुतेक या दारांवरच. पक्ष प्रादेशिक, नेते मुंबईचे, भाषणं गर्जनेची. पण गावोगावच्या बायकांना त्या पक्षाचं तोंड म्हणून माहीत ती हेमलताच. स्कूटीच्या डिकीत पाण्याची बाटली, पक्षाचं उपरणं आणि एक साधी पांढरट साडी कायम. नवरा गोपाल मोटारपंप दुरुस्त करतो. तो म्हणायचा, "जितेपणी तुला कुणी चहाला बोलवत नाही, मेल्यावर मात्र सगळे बोलावतात." ती म्हणायची, "बोलावतात ना? मग झालं तर!"

यंदा जिल्हा परिषदेची निवडणूक लागली आणि त्यांचा गट महिलांसाठी राखीव निघाला. आता तरी तिकीट आपल्याला, हे हेमलता धरूनच चालली होती. का धरू नये? अठरा वर्षं काय कमी झाली? पण कंत्राटदाराची बायको सुलक्षणा हिनंही अर्ज टाकला. तिच्याकडे दोन गाड्या, आणि बॅनरवर छापायला एकदम झकास फोटो. तालुकाध्यक्ष भूपेंद्रभाऊ म्हणाले, "ताई, बुधवारी दोन वाजता जळगावला मुलाखती. मुंबईचे साहेब तीनला उठणार म्हणजे उठणार. वेळेत या, बाकी मी बघतो."

आणि त्याच बुधवारी सकाळी आठला भूपेंद्रभाऊंचाच फोन. "नांदखेड्याचे लोटन आबा वारले! ताई, आत्ताच्या आत्ता निघा."

लोटन आबा म्हणजे विरोधी पक्षाचा खांब. त्यांच्या शब्दावर अख्खं नांदखेडं मतदान करायचं. पंधरा वर्षांत त्या गावात यांच्या पक्षाला उभं राहायला ओटा मिळाला नव्हता. "दुसरं कुणी पोचायच्या आत तुम्ही पोचा," भूपेंद्रभाऊ म्हणाले. "गाव फिरलं, तर मुलाखतीत मी छाती ठोकून सांगेन." हेमलतानं पांढरट साडी नेसली आणि स्कूटी हाणली.

आबांच्या गल्लीच्या कोपऱ्यावर गाडी लावली, पदर ओढला आणि दिला सूर लावून. "आबा वं! आमले सोडीसन कोठे गयात वं! गावमा पानीनी टाकी कोन आनी? आबानी आनी वं! पोरीस्नी शाळा कोन बांधी? आबानी बांधी वं!" आता गंमत बघा. ती टाकी आम्हीच आणली, असं पंधरा वर्षं प्रत्येक सभेत सांगणारी हीच बाई. पण दारावर खोटं रडता येत नाही, तिथं टाकी ज्याची त्याचीच.

दार उघडलं. एका गालावर साबणाचा फेस, हातात वस्तरा, खांद्यावर टॉवेल असे लोटन आबा धावत बाहेर आले. चेहरा पांढराफटक.

"कोन गयं वं? मना घरमा कोन गयं?"

हेमलतानं सूर तोडला आणि तोंडावरचा पदर खाली घेतला. मागून दोन सुना आल्या, एकमेकींकडे बघून तोंडात पदर कोंबून हसायला लागल्या. आबांच्या हळूहळू ध्यानात आलं. ते ओट्यावर बसले, टॉवेलनं फेस पुसला.

"थांबनी काबर? टाकी झायी, शाळा झायी. पुढे बोल!"

"आबा, चूक झाली. माफ करा."

"माफ कसाले? मना जलमभर इतकं चांगलं कोनी बोललं नही." मग त्यांनी डोळे बारीक केले. "खरं सांग बेटा. तू माले रडाले उनी, का मतं मांगाले उनी?"

अशा वेळी पुढारी काय काय बोलतात ते तुम्हाला ठाऊक आहे. हेमलतालाही ठाऊक होतं. पण ती इतकी शरमली होती की खरंच बोलून गेली. "दोन्ही, आबा."

आबा खो खो हसले. "मत तुले भेटाव नही. पन मी मरसू तवय नक्की ये."

तेवढ्यात धाकट्या सुनेनं सांगितलं, वारला तो नाल्याकाठचा लोटन. मजुरी करायचा. पहाटेच गेला. आबांचं हसू मावळलं. तो माणूस अकरा वर्षं त्यांच्या मळ्यात राबला होता.

लगेच भूपेंद्रभाऊंचा फोन. "ताई, घोटाळा झाला! तो लोटन वेगळा. पाच मतांचं घर आहे, सोडा. जळगावला निघा."

साडेदहा वाजले होते. घरी जाऊन साडी बदलून जळगाव गाठायला वेळच वेळ होता. हेमलतानं स्कूटीची किल्ली हातात घेतली. पण गावात मयत आहे, आपण त्याच कामाचे कपडे नेसून आलोय, आणि घर छोटं म्हणून मागं फिरायचं? तिला स्वतःचीच चीड आली. "चला आबा," ती म्हणाली, आणि आबाही काठी घेऊन निघाले.

लोटनची बायको वच्छलाबाई भिंतीला टेकून बसलेली. डोळ्यांत टिपूस नाही. मुलगा सुरतेहून निघालेला, तो आल्याशिवाय उचलायचं नव्हतं. हेमलता शेजारी बसली, तोंड उघडलं, आणि तिच्या लक्षात आलं की या माणसाचं आपल्याला काहीच माहीत नाही. ना टाकी, ना शाळा. तिनं हळूच विचारलं, "बाई, कसे होते हो ते?"

वच्छलाबाईनं पदराचं टोक बोटाला गुंडाळलं. मग म्हणाली, "बोलत नव्हते फार. बाजारच्या दिवशी पायी एरंडोलला जायचे. रिक्षाचे पैसे वाचवायचे आणि मला गोडी शेव आणायचे."

"गोडी शेव कोन आनी वं आते!" हेमलतानं गळा काढला, आणि वच्छलाबाई फुटली. अशी फुटली की हेमलताच्या कुशीतून हलेना. फोन तीनदा थरथरला. हेमलतानं तो बंद केला. मुलगा चारला पोचला.

तिकीट सुलक्षणाला मिळालं. हेमलतानं मोठेपणा वगैरे काही दाखवला नाही. भूपेंद्रभाऊंना फोनवर झाडलं, गोपालला विनाकारण झाडलं, स्वतःला येडी म्हणून घेतलं. पंधरा दिवस घराबाहेर पडली नाही. प्रचाराची गाडी गल्लीतून गेली की खिडकी लावून घ्यायची. कार्यकर्ते फोन करून सांगायचे, पुढच्या वेळी नक्की. कसली पुढची वेळ आणि काय!

एका दुपारी ती ओट्यावर लसूण सोलत होती. गल्लीच्या कोपऱ्यावर एक बाई थांबली, पदर तोंडाशी धरला आणि हळूहळू चालत आली. वच्छलाबाई. तेरावं उरकून दोन दिवस झाले होते. ती ओट्यावर बसली आणि हेमलताचा हात धरून म्हणाली, "ताई, तुमचं तिकीट गयं म्हने मनामुळे. बठाले उनू."

हेमलताला हसू आलं. तिकिटासाठी दारावर कोण बसतं, बाई? पण वच्छलाबाई हसत नव्हती, तिचे डोळे भरले होते. मग हेमलतानं आयुष्यात पहिल्यांदा स्वतःसाठी गळा काढला. असा काढला की आजूबाजूच्या बाया हातातलं काम टाकून धावत आल्या. गोपाल दारात उभा राहून एकेकीला सांगत होता, "कुणी मेलेलं नाही हो, तिकीट गेलंय."

बायांनी एकमेकींकडे पाहिलं, पदर सारखे केले आणि ओट्यावर बसल्या.