कोपरा नसलेलं पत्र

नातवंडांनो,

मागच्या रविवारी तुमच्यापैकी दोघांनी फोन उचलला नाही म्हणून मी तुमच्या आईच्या मागे लागले, आणि तुम्ही मला हसलात. एक दिवस निरोप आला नाही तर एवढं काय होतं, असं विचारलंत. निरोप पोचला नाही की काय होतं ते मी एकदा घरात बसून पाहिलं आहे. ते पाहिलेली आता मी एकटीच उरले, म्हणून लिहून ठेवते. इंग्रजीत लिहिता आलं असतं, पण त्यातलं बोलणं मराठीतलं आहे. अडेल तिथे आईला विचारा.

दुसरं महायुद्ध चालू होतं. आमचं घर बेळगावजवळ बेळगुंदीला, शेती भाताची. मी बेळगावला लागून असलेल्या शहापूरला मामाकडे राहून इंग्रजी शाळेत शिकत होते आणि शनिवारी शाळा सुटली की घरी येत असे. माझा थोरला भाऊ पलटणीत होता. त्याला आम्ही अण्णा म्हणायचो. त्याला समुद्रापार पाठवलं तेव्हा वहिनीला दिवस गेले होते. तो कोणत्या देशात आहे हे पत्रात लिहायची मनाई होती. त्याला लिहिता-वाचता येत नसे. खानापूरकडचा एक सोबती त्याची पत्रं लिही आणि आमची त्याला वाचून दाखवी. इकडे वडील, म्हणजे आप्पा, सांगत आणि मी लिही.

वडिलांना लिहिलेल्या पत्रात बायकोची चौकशी करायची नाही, अशी रीत होती. अण्णा बैलांची नावं घेऊन विचारपूस करी, आंब्याला मोहोर किती ते विचारी. वहिनी मात्र 'घरातील सर्वांस' या दोन शब्दांत आली तर आली. ती चुलीपाशी काम करत ऐकायची.

मुलगा झाला तेव्हा आप्पांनी तसं पत्र सांगितलं. आनंदाचं पत्र म्हणून आईने वरच्या कोपऱ्याला कुंकू लावलं. त्याच्या शेजारी थोडी जागा उरली होती.

"रिकामी कशाला सोडतीस?" आप्पा म्हणाले. "लिही, बेळगावच्या कॅम्पात रोज नव्या पलटणी उतरायल्यात, गाड्या भरभरून चालल्यात."

मी लिहिलं. पत्रं वाटेत तपासतात आणि सैन्याच्या हालचालींचा मजकूर कापून काढतात, हे आमच्यात कोणालाच माहीत नव्हतं. कुंकवासकट कोपरा कापला गेला.

कोपरा नसलेल्या पत्राचा अर्थ तुम्हाला ठाऊक नसेल. कोणी वारल्याची बातमी कळवताना आमच्याकडे कागदाचा कोपरा फाडून पाठवत, म्हणजे हातात घेणाऱ्याला आधीच कळावं. असलं पत्र जवळ ठेवायचं नसतं. अण्णाने कागद पाहिला, आणि सोबत्याला वाचूही न देता फाडून टाकला. मुलाच्या जन्माची बातमी अशी वाया गेली.

त्याचं पुढचं पत्र मी ओसरीवर मोठ्याने वाचायला लागले आणि मध्येच थांबले. "वाच की," आप्पा म्हणाले. त्यात होतं : 'कोपरा फाडलेलं पत्र पावलं. आप्पा, लाज सोडून विचारतो. बाळंतपणात ती गेली काय? पोर तरी हाय काय?' आत जात्याची घरघर बंद झाली.

कोपरा कोणी कापला असेल ते मी शाळेत विचारून आले. मग आम्ही उलट टपाली कळवलं, कोपरा तपासणाऱ्यांनी कापला, ती खुशाल आहे, मुलगा गुटगुटीत आहे. त्यावर पुष्कळ दिवसांनी उत्तर आलं. 'तुम्ही माझी समजूत घालताय. हितं एकाची आई वारली तर घरचे वर्षभर ती बरी आहे म्हणून लिहीत होते. मला असलं लिहू नका.' खाली सोबत्याने आपल्या मनाने दोन ओळी घातल्या होत्या : 'जिथं जायला बाकीचे मागं सरत्यात तिथं ह्यो पहिला हात वर करतोय. ह्याला जिवाची पर्वा राहिली न्हाय. काय तरी करा.'

आप्पा म्हणाले, बेळगावात नेऊन मायलेकरांचा फोटो काढू.

"दात न आलेल्या पोराचा फोटू?" आई म्हणाली. "आयुष्य कमी हुतंय."

"मग तिचा एकटीचा काढू."

"त्यो म्हणंल जुना धाडलाय."

तेवढ्यात वहिनी दारात आली. डोक्यावर पदर, कडेवर पोर. सासऱ्यांपुढे ती कधी बोललेली नव्हती, म्हणून माझ्याकडे बघून म्हणाली, "वन्सं, कागद घ्या. मी सांगते ते लिवा."

"तू सांगणार? मामंजींच्या म्होरं?" आई म्हणाली.

"आत्याबाई, तिकडं जीव जायची येळ आलीया. लाजू कुठवर?" आणि मला म्हणाली, "लिवा. मला माहेरासनं आणताना निपाणीच्या मोटारस्टँडवर तुमी एक गोष्ट इचारलासा. मी तोंडाला पदर लावून गप बसले. त्याचं उत्तर व्हय असं हाय."

"काय इचारलं हुतं गं?" आई.

"ज्यांनी इचारलं त्यांस्नी ठावं हाय."

"आणि आमी कोण गं?"

"तुमास्नी ठावं असतं तर ह्या पत्राचा उपेग काय, आत्याबाई?"

आप्पांनी भिंतीकडे तोंड केलं होतं. तसेच म्हणाले, "लिही गं, सांगती तसं. आणि कॅम्पाचं काय बी लिहू नगो." आई कुंकू घेऊन आली. वहिनीने तिचा हात धरला. "कोपऱ्याला नगो. मधोमध लावा."

एक पत्र धाडून ती स्वस्थ बसली नाही. बोट बुडली तर, असं म्हणून दर शनिवारी माझ्याकडून तेच वाक्य लिहून घ्यायची, आणि सोमवारी मी शाळेला निघाले की पोर कडेवर घेऊन बेळगावच्या टपालापर्यंत स्वतः चालत यायची. रोपलावणीतही तिने हे चुकवलं नाही. शेजारीण एकदा म्हणाली, "काय गं, नवऱ्याला सारखी पत्रं? आमचं जवळ असून बोलत न्हाईत."

"मग तुमी बी त्यांस्नी धाडा की लढाईवर," वहिनी म्हणाली आणि चालत राहिली.

भात मळायला आलं तेव्हा अण्णाचं पत्र आलं. बैलांची विचारपूस, पाण्यापावसाची चौकशी, आणि मग एक ओळ : 'निपाणीचं उत्तर पावलं.' सोबत्याने खाली लिहिलं होतं, 'आता बाकीच्यांगत पाळीनं जातोय. जेवणावरनं भांडतोय बी.'

वहिनी आतून म्हणाली, "पुढचं वाचा." पुढे काही नव्हतं. मग तिने तीच ओळ पुन्हा वाचायला लावली. त्या दिवशी आप्पांनीही तिला थेट हाक मारली, पोरीला मारावी तशी, आणि चहा मागितला.

लढाई संपल्यावर अण्णा परत आला. मुलगा त्याला बघून माझ्या आईच्या मागे लपला. निपाणीत काय विचारलं होतं ते आई मरेपर्यंत विचारत राहिली. दोघांनीही सांगितलं नाही, आणि आता दोघंही नाहीत.

त्या सगळ्या पत्रांपैकी एक अण्णाच्या कोटातून परत आलं. ते माझ्याकडे आहे. घड्यांवर विरलं आहे, मधलं कुंकू तपकिरी झालं आहे. चारही कोपरे शाबूत आहेत.