वाळवणाची जागा

सोलर बसवायचं म्हणून आधी दोघे येऊन गेले होते. दोघांनीही टेप लावून गच्ची मोजली आणि पंचवीस वर्षांची हमी दिली. तिसरा आमच्याच गल्लीतला, वायरिंगची कामं करणारा. त्याने टेप काढलीच नाही. गच्चीभर एक चक्कर मारली आणि माझ्या बायकोला विचारलं, “काकू, वाळवण कुठं घालता?”

“आता कुठलं वाळवण?” ती म्हणाली. “दोन्ही बाजूंना इमारती उठल्या, तेव्हापासून ऊन तासभर येतं आणि जातं.”

तो माझ्याकडे वळला. “काका, मग कोणाकडूनच बसवून घेऊ नका.”

काम द्यावं तर याच माणसाला, असं वाटलं. पण द्यायला माझ्याकडे ऊनच उरलं नव्हतं. ऊन घरातून जातं तेव्हा दार वाजत नाही. ज्याचं काम अडतं त्यालाच ते कळतं. मी आपला गच्ची केवढी मोठी, यावरच खूश.

तो गेल्यावर मी विचारलं, “मग आपले पापड?”

“विकतचे,” जिना उतरता उतरता ती म्हणाली. “तीन वर्षं खाताय.”