दुबार ठरलेला बाप

मी माझ्या जिवंत बापाला यादीतून काढून टाकलं. तेही दुपारच्या चहाच्या आत, आणि काम लवकर उरकलं म्हणून वर स्वतःवर खूश होऊन.

दोन हजार सालानंतरची सुरुवातीची वर्षं. सेनगावच्या एका कार्यालयात मी रोजंदारीवर कॉम्प्युटर चालवायचो. गावोगावच्या कुटुंबांची पाहणी झाली होती आणि तिच्यावरून घरकुलाची यादी काढायची होती. अहवालाच्या सॉफ्टवेअरात एक सोय होती: नाव, बापाचं नाव, आडनाव आणि गाव जुळलं, की पहिली ओळ ठेवायची, दुसरी दुबार म्हणून गाळायची. मी बटण दाबलं. मशीन चुकत नसतं, अशी माझी श्रद्धा होती. कोर्सचं सर्टिफिकेट मी उगाच का लॅमिनेट केलं होतं?

संध्याकाळी छापील यादी घेऊन आमच्या गावी, गोरेगावला जाणाऱ्या जीपमध्ये बसलो. घरी आल्यावर ओट्यावर बसून बापाला ऐटीत त्याचं नाव वाचून दाखवलं.

"हा मी न्हाई," बाप म्हणाला.

"काहून? तुमचंच तर नाव हाय."

"घर नंबर बघ की. हे पारावरचे."

खरंच की. मारुतीच्या पाराजवळ एक शेतकरी होते. त्यांचं नाव, बापाचं नाव, आडनाव, सगळं आमच्यासारखंच. गावात कधी घोळ झाला नाही, कारण त्यांना सगळे 'पारावरचे' म्हणत आणि माझ्या बापाला 'विहारामागचा'. घोळ घालायला मला कोर्स करावा लागला.

मग आमच्या गावची गाळलेली बाकीची नावं आठवून पाहिली. झाडून सगळी बुद्धविहारामागच्या आमच्याच वस्तीतली. पाहणीवाले नेहमी पारापासून सुरुवात करत आणि ऊन उतरल्यावर शेवटी आमच्याकडे येत. म्हणजे नाव जुळलं की दुबार आम्हीच. कुणी ठरवून केलं नव्हतं. ठरवायची गरजच नव्हती. बटण दाबायला मी होतो.

सकाळी साहेबांपुढे उभा राहिलो. ते म्हणाले, "तुझ्या वडिलांची ओळ घाल परत आणि विषय संपव. उद्या अहवाल वर जायचाय, दुबार शून्य दिसले पाहिजेत."

"एकट्याची न्हाई घालणार साहेब. सगळ्यांच्या घालतो, आन फिल्टर घर नंबर धरून लावतो."

"तू रोजंदारीवर आहेस, ध्यानात आहे ना?"

"हाय ना. मला काढा, पण ती माणसं ऱ्हाऊ द्या. कालच्यासारखं बटण मी परत दाबत न्हाई."

आवाज धीट होता. टेबलाआडचे पाय मात्र केव्हाच घरी निघाले होते.

साहेब चिडले. "एका गावात सगळं नाव सारखं असलेली दोन-दोन माणसं? वर कोण मानेल हे?"

"दोघांना समोर आणतो."

दुपारी बाप आणि पारावरचे एकाच जीपने आले आणि एकाच बाकावर बसले. साहेबांनी नाव पुकारलं. दोघंही उठले.

"यातला खरा कोण?" साहेबांनी विचारलं.

"मी खरा, तर हा काय माझी सावली हाय व्हय?" पारावरचे म्हणाले. "दोघाच्याबी घरात गळतंय साहेब. या एकदा पावसात, मंग सांगा कोणचं पाणी दुबार हाय ते."

साहेबांनी मला मानेनं खूण केली. मी घर नंबर धरून फिल्टर लावला. एकच घर दोनदा लिहिलेल्या ओळी तेवढ्या गळाल्या. आमची वस्ती परत आली. साहेबांनी सही केली आणि जरा नरमून म्हणाले, "जाऊ द्या. कॉम्प्युटरची चूक. त्याला काय कळतंय."

मी घाईघाईने मान डोलावली.

बाप टोपी नीट करत म्हणाला, "त्या डब्याला कशाला बोल लावता साहेब? त्यानं कवा मला बघितलंय? हे येडं तर काल सकाळी माझ्याच ताटात भाकर खाऊन आलं, आन हितं येऊन मलाच खोडलं."