ठमाबाईची आरोळी

पाखरं हाकलायला कधी माणूस ठेवलंय का तुम्ही? ठेवलं असेल तर त्याचं नाव आठवतं का? नाशिककडच्या वणीजवळच्या पुंजारामभाऊंना आठवतं, कारण बावीस वर्षं एकच नाव आहे. ठमाबाई. द्राक्षात साखर भरायला लागली की ही बाई बांधावर उभी. हातात गोफण, शेजारी बडवायला पत्र्याचा डबा, आणि आरोळी अशी की तीन बागा पलीकडच्या साळुंक्या उठाव्यात. गोफणीतलं ढेकूळ पाखराच्या अंगावर कधी पडायचं नाही, हातभर अलीकडेच पडायचं. मेलेलं पाखरू बाकीच्यांना काय सांगणार, असं तिचं म्हणणं. काढणी झाली की शेवटच्या वेलावरचे चार घड ती मालकाला तोडू द्यायची नाही. ते पाखरांचे.

यंदा जानेवारीत पुंजारामभाऊ म्हणाले, "ठमामावशी, सोमवारी जाळी येतीये. सगळ्या बागेवर टाकतो. मग राखणीचं काम उरत नाय."

"बरं," ती म्हणाली.

बावीस वर्षांचं काम असं दोन-तीन वाक्यांत संपतं आणि लोक त्याला सुधारणा म्हणतात. मी त्या दिवशी तिथं नव्हतो, हे पुंजारामभाऊंचं नशीब.

घरी येऊन तिनं काम सुटल्याचं सांगितलं. मुलगा रविराज सातपूरला कंपनीत आहे. त्यानं रविवारी मित्राची गाडी आणली. "आई, जन्मभर पाखरं हाकलली. आता एकदा बसून बघ." सून सुवर्णानं भाकऱ्या बांधल्या, नात वैष्णवीनं दुर्बीण मागून आणली, आणि पहाटे निघून ही मंडळी कसारा घाट उतरून ठाण्याच्या खाडीवर पोचली. तिथलं अभयारण्य बोटीतून बघतात. ओहोटी लागली की चिखल उघडा पडतो आणि फ्लेमिंगो त्यावर उतरतात.

बोट आत गेली. लांबवर गुलाबी पट्टा दिसला. जवळ गेल्यावर त्याला पाय फुटले.

"आजी, बघ ना, सगळे मुंडी खाली घालून खातायत," वैष्णवी म्हणाली.

एवढं कानावर पडलं आणि ठमाबाईचा हात आपोआप वर गेला. "हाऽऽऽ हुर्र्र!"

अख्खा थवा उठला. पंखांच्या आतला लाल रंग पाण्यावर पसरला. बोटीतल्या वीसेक माणसांनी मोबाइल वर केले.

बोटवाला मात्र भडकला. "ओ आजी, खाऊ द्या की त्यांना. पाणी चढलं की उपाशी बसतात ते. इथं आवाज करायचा नसतो."

ठमाबाईनं पदर तोंडावर धरला. मागून एकजण म्हणाला, "आजी, परत एकदा होऊन जाऊ द्या. व्हिडिओ अर्धाच आलाय."

"चुकून झालं ते," ती वळून म्हणाली. "तुझ्या व्हिडिओसाठी उठवू का त्येंला? तुला ताटावरनं उठवलं तर चालंल?"

तो मोबाइल खिशात घालून बसला.

परतीच्या वाटेवर इगतपुरीला चहा प्यायला थांबले. ठमाबाईनं विचारलं, "वैष्णवे, ते खात्यात काय?"

"चिखलातलं शेवाळ, आजी."

"म्हंजे कुणाचं काय नाय खात. मग मी कशाला वरडले?"

"सवय गं आई," रविराज हसला.

"सवय नाय. काम व्हतं माझं ते."

रविराजनं चहा तसाच खाली ठेवला.

मंगळवारी सकाळी ती बागेत गेली, बांधावर राहिलेला डबा आणायला. जाळी चढली होती. तिच्यात दोन बुलबुल लटकत होते, आणि पुंजारामभाऊ लाकडी शिडीच्या घोडीवर चढून त्यातला एक ओढत होते. ते ओढतील तितका तो गुंतत होता. बोटावर चोच मारून त्यानं रक्त काढलं होतं.

"सोड. उतर खाली," ठमाबाई म्हणाली. मालकाशी ती पहिल्यांदाच अशी बोलली.

वर चढून तिनं पदरानं पाखराचे डोळे झाकले. आधी पाय मोकळे केले, मग पंख, शेवटी डोकं. मिनिटभरात बुलबुल उडाला. दुसरा आधीच मेला होता.

"जाळी कोणी बांधली?"

"पोरांनी."

"ढिली सोडलीय. ढिल्यात पाखरू गुततं. ताणली की नुसतं आपटून माघारी जातं."

"बरं, ताणून घेतो. पण रोज बघायचं कोणी?"

"बावीस वर्सं कोण बघत व्हतं?"

पुंजारामभाऊंनी बोट चोखलं. जाळीकडे बघितलं, तिच्याकडे बघितलं. "उद्यापासून ये मावशी. मजुरी आहे तीच. फक्त वरडायची गरज नाय आता."

"मला तरी कुठं हौस हाय?"

आता ती सकाळ-संध्याकाळ जाळीखालून फेरी मारते. गोफण घरी खुंटीला आहे आणि कमरेला, गुंतलेला दोरा कापायला, छोटी कात्री. जाळी ताणलेली असल्यामुळे बहुतेक दिवस कात्री लागतच नाही. शेजारच्या बागेवरही जाळी आहे, पण तिथं फेरी मारणारं कोणी नाही. परवा त्या बांधावरून गेलो, तर वाळलेली पाखरं वाऱ्यावर हलत होती. मालकाला विचारलं, तर म्हणाला, माझं लक्षच गेलं नाही.

तुमच्या बागेवर जाळी असेल तर आजच ताणून बांधा. आणि उद्या सकाळी ऊन चढायच्या आत, हातात कात्री घेऊन, तिच्याखालून एकदा स्वतः चालत जा.