स्पीकर काढलेल्या लॅपटॉपची घंटी

मंडळी, आधीच सांगून टाकतो... असले अनुभव सांगणाऱ्यांना मी आजवर तोंडावर हसत आलोय. आमच्या धंद्यात एकच शिकवण — मशीन चालत नसेल तर वायर बघा, करणी बघू नका. जालन्यात एका बियाण्याच्या कंपनीत मी कॉम्प्युटर सांभाळायचो. लोक दिवसभर "साहेब, आपोआप बंद पडलं" म्हणत यायचे, आणि दर वेळी निघायचं काय, तर कुणीतरी पायानं प्लग हलवलेला. आपोआप काही होत नसतं, हे वाक्य मी इतक्यांदा बोललो की ऑफिसात माझं नाव 'आपोआप साहेब' पडलं होतं. आणि नेमकं माझ्याच घरात हे व्हावं... अजून डोकं फिरतं माझं.

गोष्ट दोन हजार पाच-सहाच्या सुमाराची. गाव वडीगोद्री, तालुका अंबड. हायवेला लागून आमचं घर, पुढच्या खोलीत खिडकीशी अण्णांची लोखंडी कॉट. अण्णा म्हणजे माझे वडील. उभी हयात त्यांनी अंबडच्या कचेरीत मराठी टायपिंग केलं. टाईपरायटरकडं न बघता, गप्पा मारत, पान खात टाईप करायचे. रिटायर झाले तेव्हा मशीन अर्थातच कचेरीतच राहिलं. आणि मग अर्धांगवायूचा झटका आला. उजवी बाजू गेली, वाचा गेली. समज मात्र बिलकुल शाबूत. डाव्या हातात पेन्सिल देऊन बघितली, तर नुसत्या रेघोट्या उमटल्या. अण्णांनी पेन्सिल भिंतीवर फेकली आणि तोंड फिरवलं, ते फिरवलंच.

आई फोनवर रडायची. "अरे सुधीर, भांडले तरी चालंल मला. पण हे असं भिंतीकडं तोंड करून पडून राह्यले. दोन घासाच्या वर जेवत न्हाईत." डॉक्टरांनी मला बाजूला घेऊन सांगितलं होतं की औषधानं जेवढं व्हायचं तेवढं झालंय, आता यांचं मन कशात लागलं नाही तर हे टिकणार नाहीत.

मग मला कल्पना सुचली. आमच्या कंपनीनं जुने लॅपटॉप काढायला घेतले होते. काळे, जाड, विटेसारखे जड, कीबोर्डच्या मधोमध माऊसचं काम करणारा तो लाल रबरी ठिपका. एक मी उचलला. तो चालू करायचा म्हणजे डोक्याला ताप होता. कुण्या मॅनेजरनं सुरुवातीलाच पासवर्ड टाकून ठेवला होता आणि तो गृहस्थ नोकरी सोडून गेलेला. जुन्या जालन्यात रफिकभाईचं रिपेअरिंगचं दुकान आहे, आमची दोस्ती जुनी. त्याच्याकडून तो पासवर्ड उडवून घेतला, मेमरी वाढवली, फॅन साफ केला. मग अण्णांसाठी एकेक करत बसलो. मराठी फॉन्ट टाकला, कीबोर्ड त्यांच्या टाईपरायटरच्या अक्षरांप्रमाणे लावला. शिफ्ट दाबून धरायला दुसरा हात नाही, म्हणून एकदा दाबली की दबलेलीच राहील अशी सेटिंग केली. बोट रेंगाळलं तर एकच अक्षर दहादा उमटू नये म्हणून तीही सोय केली. लाल ठिपका बंद केला. एवढं सगळं करून, एका रविवारी, कॉटवरच्या पाटावर लॅपटॉप ठेवला... आणि अण्णांनी बघितलंसुद्धा नाही.

मी वैतागलो. हे कबूल करायला मला काही वाटत नाही, खूप वैतागलो. त्यांचा डावा हात धरला, बोट एका अक्षरावर ठेवलं आणि मीच दाबत बसलो. क क क क... अर्धी ओळ झाली. हात लाकडासारखा. पाऊण ओळ झाली. आणि ओळ संपत आली तशी —

टिंग.

ज्यांनी टाईपरायटर पाहिला नाही त्यांना सांगतो. ओळ संपत आली की मशीनमध्ये एक बारीक घंटी वाजते. ती वाजली की टायपिस्टचा डावा हात वर जातो, डावीकडचा दांडा उजवीकडं ढकलतो, आणि नवी ओळ सुरू होते. विचार करावा लागत नाही, हाताला सवय असते. अण्णांचा हात माझ्या हातातून सुटला, वर गेला आणि लॅपटॉपच्या स्क्रीनचा डावा कोपरा खाडकन उजवीकडं ढकलला. मी पाट धरला म्हणून वाचलं सगळं. मग तोच हात खाली आला आणि अण्णा एका बोटानं टाईप करायला लागले. पहिली ओळ होती — 'चहात साखर नसते हल्ली'.

आईनं ती दोनदा वाचली आणि पदर तोंडाला लावून हसायला लागली, मग रडायला लागली. "डॉक्टरनं सांगितलंय म्हून न्हाई घालत," असं म्हणून तिथंच भांडायला बसली. अण्णा टाईप करतायत, आई तोंडानं उत्तर देतीये... त्या दिवशी ते पोटभर जेवले.

मला आनंद झाला नाही असं नाही. पण माझ्या डोक्यात एकच किडा — आवाज आला कुठून? मी असला कुठलाही आवाज टाकला नव्हता. मी टाईप करून बघितलं, गप्प. आईला करायला लावलं, गप्प. अण्णांनी केलं की ओळीच्या शेवटी बराबर टिंग. आवाज बंद केला, तरी टिंग. साऊंडचा ड्रायव्हरच काढला, तरी टिंग. विंडोज परत टाकली, म्हणजे सगळ्या सेटिंग परत पहिल्यापासून, नाकी नऊ आले. तरी टिंग. खिडकी लावून घेतली, सायकलवाले, देवळातली घंटा, मांडणीवरची भांडी, सगळ्यांवर संशय घेऊन झाला.

त्यात खंडेनवमी आली. आपल्याकडं त्या दिवशी हत्यारांची, अवजारांची पूजा. कचेरीत अण्णा टाईपरायटरला हळदकुंकू वाहून दिवसभर त्याला हात लावायचे नाहीत. आईनं विचार केला, आता यांचं मशीन हेच. मी जालन्याहून पोचेस्तोवर तिनं लॅपटॉप उघडून अक्षरांवर पाण्यात कालवलेलं हळदकुंकू लावलेलं, वर झेंडू, आणि समोरच नारळ फोडलेला. नारळाचं पाणी थेट कीबोर्डमध्ये.

"आई, विजेची वस्तू आहे ती," मी म्हणालो.

"मंग काय झालं? ट्रॅक्टरला लावतात की पाणी."

अर्धा कीबोर्ड मेला. अण्णा आठवडाभर मुके, आईचा जीव वरखाली, जेवण परत दोन घासांवर. रफिकभाईनं कुठून तरी त्याच जातीचा कीबोर्ड मिळवून बसवला. मनातल्या मनात मी म्हटलं, चला, कीबोर्डमध्येच काही असेल तर ते तरी गेलं. वडीगोद्रीला नेऊन पाटावर ठेवला. अण्णांनी एक ओळ केली. टिंग.

परत उचलून जालन्याला. रफिकभाईला म्हटलं, याचे स्पीकरच काढ. दोन्ही काढले, माझ्या हातात दिले. मग त्यानं काऊंटरवर बसून पानभर टाईप केलं, काही नाही. "भाई, मशीन एकदम बराबर है. तुम अपने कान की सर्विसिंग कराओ," असं गिऱ्हाइकांसमोर म्हणाला. मला इतका राग आला की त्याला मोटारसायकलवर बसवून तसाच वडीगोद्रीला आणला.

भर दुपारी आम्ही दोघं कॉटशी बसलो. आईनं चहा दिला. अण्णांनी पाहुण्याकडं बघितलं, मान हलवली आणि टाईप करायला घेतलं — 'तुमच्या अब्बांना मी ओळखायचो, कचेरीत अर्ज टाईप करून घ्यायला यायचे' — आणि टिंग. हात वर, कोपरा खाडकन ढकलला. रफिकभाईनं कप खाली ठेवला. लॅपटॉप उचलला, उलटा केला, कानाला लावला. स्पीकर माझ्या खिशात होते, ते काढून बघितले. मग लॅपटॉप दोन्ही हातांनी अण्णांसमोर ठेवला आणि हळूच मला म्हणाला, "भाई, अब इसको मत खोलना."

पण मी ऐकतो कसला. तो गेल्यावर सरळ अण्णांनाच विचारलं. "अण्णा, ही घंटी तुम्हाला ऐकू येते का? कुठून येते ही?"

लहानपणी पाढा चुकल्यावर बघायचे, तसे अण्णा माझ्याकडं बघत राहिले. मग टाईप केलं. 'ओळ संपत आली की वाजणारच. तुला काय त्रास.'

झालं. एवढंच उत्तर मिळालं मला. त्यानंतर मी लॅपटॉप उघडला नाही. पुढची दोन-अडीच वर्षं अण्णा रोज टाईप करत होते. आईशी भांडण, भावकीची चौकशी, मला सूचना. शनिवारी आई फोनवर वाचून दाखवायची, येताना अमुक आण, तमुक विसरू नको. खिडकीतून एसटी बघत वेळेवर आली की नाही याची टिपणं करायचे. स्क्रीनच्या डाव्या कोपऱ्याचा रंग हाताच्या धक्क्यांनी उडून गेला होता.

गेले तेही तिथंच, त्याच कॉटवर, शनिवारी सकाळी. आई आत दूध तापवत होती. मी पोचलो तेव्हा घर माणसांनी भरलेलं. सगळं उरकून माणसं पांगली, तेव्हा लॅपटॉप उघडला. आणि मूर्खासारखा कान लावून बसलो. ज्या घंटीनं माझा इतका पिच्छा पुरवला, ती आज तरी वाजेल, काहीतरी कळेल, असं वाटत होतं. काहीच नाही. उलट राग आला मला. अण्णांवर, लॅपटॉपवर, सगळ्यावर.

"सकाळी वाजल्ती का गं?" आईला विचारलं.

"न्हाई वाजली. मी आतूनच ऐकत असते रोज."

"असं कसं? शेवटच्या वेळी तरी वाजायला नको?"

आई येऊन शेजारी बसली. स्क्रीनवर एकच अर्धवट ओळ होती. तिनं बोट ठेवत ठेवत वाचली — 'सुधीरला सांग येताना'.

"कशी वाजंल बाबा," ती म्हणाली. "ओळ पुरी कुठं झाली त्यांची."

लॅपटॉप अजून माझ्याकडं आहे. चालू होतो. स्पीकर कपाटाच्या खणात आहेत, नुसते. इथं इलेक्ट्रॉनिक्सवाले बरेच वाचक आहेत, त्यांना घंटीबद्दल काही सुचलं तर जरूर सांगा, पण मी सगळं करून पाहिलंय. आणि खरं सांगू, घंटीचं आता मला तेवढं वाटत नाही. जालन्याहून घरी जाताना मी दर वेळी काहीतरी घेऊन जातो. कधी खारी, कधी पानाचं सामान, कधी मोसंबी. आई पिशवीत डोकावते आणि म्हणते, "हे नसंल रे." मग काय आणायचं होतं, ते तिलाही माहीत नाही, आणि मलाही अजून कळलेलं नाही.