तारामावशीचा चट्टा

अरुंधती सीपरी बाजारातल्या एका लॅबमध्ये तपासायला आलेले कातडीचे तुकडे मेणात बसवते आणि केसाहून पातळ कापते. लग्न जमवताना हे लोकांना सांगायचं कसं, म्हणून घरच्यांनी ‘दवाखान्यात असते’ एवढंच सांगितलं होतं. बरं, सांगून तरी कुणाला कळणार होतं!

तिची तारामावशी एरच गावी राहते. शहरातलं खंडेराव गेटजवळचं भरलं घर सोडून बेतवा नदीकाठी एकटी का गेली, तर हातावर चट्टा उठला म्हणून. महारोग! निदानही तिचंच आणि शिक्षाही तिनेच सुनावलेली. डॉक्टरला दाखवायचं नावच नाही. ताट वेगळं, तांब्या वेगळा, कुणी जवळ आलं की हात पदराखाली. अशी हट्टी बाई! जिच्या कुशीत अरुंधती लहानपणी झोपली, ती मावशी आता पायांनाही हात लावू देत नसे. “लांबूनच कर गं नमस्कार,” म्हणे. परतीच्या बसमध्ये अरुंधती खिडकीकडे तोंड करून रडायची. आई, म्हणजे कमलिनी, गेल्यापासून तर मावशीने एकदा जवळ घ्यावं म्हणून तिचा जीव नुसता कासावीस व्हायचा.

शेवटी तिनेही हट्ट धरला. “तू तपासायला आली नाहीस तर नोकरी सोडून मीच इथे येऊन राहते.” मावशी घाबरली आणि आली. चामडीच्या डॉक्टरांनी चट्ट्याच्या कडेचा मसुराएवढा तुकडा काढून लॅबला पाठवला.

लॅबचा रिवाज असा की घरच्या माणसाचा तुकडा आपण हाताळायचा नाही, दुसऱ्याकडे द्यायचा. अरुंधती कसली ऐकते! मावशीचं काम परक्या हाती द्यायला तिचं मन धजेना.

कातडी मेणात उभी बसवायची असते. पुरणपोळीत काय भरलंय ते बघायचं तर ती उभीच कापावी लागते. वरवर सोलत गेलात तर हाती नुसता पापुद्रा येतो. नव्या पोरींना हे अरुंधतीच शिकवते. आणि त्या दिवशी, डोळे भरून आले म्हणा की काय म्हणा, तिने मावशीचा तुकडा आडवा निजवला.

“दीदी, ये किसने लगाया?” सूक्ष्मदर्शकावरून मान वर करत लॅबच्या प्रांजली डॉक्टरांनी विचारलं. “सगळी वरची सालच आहे. खालचं काहीच दिसत नाही.”

“मैंनेच लगाया, मॅडम.”

तुकडा निम्मा कापून झाला होता. पुन्हा काढू द्या म्हटलं असतं तर मावशीने सरळ एरचची बस धरली असती. अरुंधतीने मेण वितळवलं, उरलेला कण चिमट्यात धरला, पण भरल्या डोळ्यांना त्याची कड दिसेना. तेव्हा कुठे तिने शेजारच्या टेबलावरच्या सुमेधला हाक मारली. “भैया, तूच लाव.” त्याने तो नीट उभा लावला.

डॉक्टरांनी जंतू शोधायचा खास रंग देऊनही पाहिलं. जंतू नाहीत, नसा शाबूत. चट्टा साधाच होता, एकाचा दुसऱ्याला न लागणारा. “आणि कुष्ठरोग असता ना,” डॉक्टर म्हणाल्या, “तरी गोळ्यांनी बरा झाला असता. घर कशाला सोडायचं?”

अरुंधती धावतच बाहेर आली. निकाल ऐकायला आलेली मावशी बाकाच्या अगदी टोकाला बसली होती.

“मावशी, काही नाहीये! अगं, काहीसुद्धा नाही!”

मावशीच्या चेहऱ्यावर आनंद नाही, काही नाही. ती हळूच म्हणाली, “कमल जाताना ‘तारे, हात दे’ म्हणत होती गं. मी उंबऱ्याबाहेर उभी राहिले.”

अरुंधतीने मावशीला ओढून छातीशी धरलं. मावशीनेही तिला घट्ट मिठी मारली. इतकी वर्षं हवी होती ती मिठी मिळाली, आणि त्या मिठीत मावशी आपल्या बहिणीला हाका मारत होती.